नदीकांठचा गळ समुद्रकांठीं

यवतमाळ जिल्ह्यांत पडलेला पाऊस पूर्वेच्या समुद्रास मिळतो. बेंबळा आपलें पाणी वर्धेस देते, पूस आणि अडाण पैनगंगेस. पुढें वर्धा, प्राणहिता, गोदावरी असें तें बंगालच्या उपसागराकडे जातें. पण जिल्ह्यांतील कुटुंबें समुद्र पाहावयास निघालीं कीं बहुधा पश्चिमेची, कोंकणची, वाट धरतात. आणि ज्या घरांत मासेमारीची हौस आहे, तेथें सामानांत पैनगंगेच्या डोहावर वापरलेला गळहि जातो. तो गळ समुद्रांतहि चालतो. त्याच्याबरोबर आलेली नदीकांठची समजूत मात्र तेथें चालत नाहीं.

वाळूच्या किनाऱ्यावर लाट फुटते, त्याच्या थोडें पलीकडे पाण्याखालीं सखल पट्टा असतो. लाटेनें ढवळलेल्या वाळूंतून खेकडे, शिंपले व किडे उघडे पडतात आणि ते टिपावयास भरतीबरोबर पाकट मासा कांठाशीं येतो. लहान मुश्या, म्हणजे शार्कच्या कुळांतील मासे, लहान माशांच्या मागें येतात. दोराला शिशाचें वजन लावून बांगड्याचा तुकडा त्या पट्ट्यांत टाकला, तर संध्याकाळच्या भरतीला यांपैकीं कांहीं गळाला लागणें अशक्य नाहीं. पाकट गळाला लागला तर तो वाळूला असा घट्ट चिकटून बसतो कीं मुलांना दोर दगडांत अडकल्याचा भास व्हावा.

आतां हिशेबाची गोष्ट. नदींतील रोहू एका हंगामांत लाखांनीं अंडीं घालतो. त्यांतलीं बहुतेक नष्ट व्हावयाचीं हें सृष्टीनें जणूं धरूनच ठेवलेलें असतें. मरळ मासा अंडीं त्याहून पुष्कळच कमी घालतो, परंतु पिलांचा थवा राखीत फिरतो. पाकटाची तऱ्हा निराळी. त्याच्या मादीच्या पोटांतच पिलें वाढतात व जिवंत जन्मतात, आणि कित्येक जातींत तीं एका वेळीं दोनचारच असतात. आपल्या किनाऱ्यावर नेहमीं दिसणारी लहान मुशी त्यांतल्या त्यांत लेंकुरवाळी. तिला डझनभर पिलें होतात. कानमुशीसारख्या मोठ्या जाती तर वयांत येण्यासच कित्येक वर्षें घेतात. कांठाजवळचें उथळ पाणी म्हणजे यांतील पुष्कळांचें बाळंतघर. म्हणून तेथें लागलेला मासा गाभण मादी किंवा चारदोन महिन्यांचें पिलूं असण्याचा संभव मोठा. गाभण पाकट वाळूवर ओढली कीं पुष्कळदां भेदरून अवेळीं पिलें टाकते. हें दृश्य ज्या मुलांनीं पाहिलें, त्यांना मासा सोडून द्या असें निराळें सांगावें लागत नाहीं.

सोडावयाचा तर तो पाण्यांत असतांनाच सोडावा. गळ खोल गेला असेल तर ओढाताण न करतां दोर तोंडाशीं कापावा. मुशीला शेपटीनें उलटी टांगून छायाचित्र काढण्याची हौस अगदीं टाळावी. पाण्याचा आधार सुटला कीं तिच्या आंतल्या इंद्रियांस इजा होते. कायद्याचीहि बाजू आहे. व्हेल शार्कला २००१ सालीं संरक्षण मिळालें. करवत माशांनाहि तें आहे, आणि वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनें शार्क व पाकटांच्या आणखी जाती सूचींत आल्या. जात ओळखतां येत नसेल तेथें सोडणें हेंच सुरक्षित.

पाकटाच्या शेपटीवर करवतीसारखा दातेरी, विषारी कांटा असतो. नदींतल्या शिंगाडा माशाचा कांटा लागलेल्या माणसास त्याची अल्पशी कल्पना येईल; अल्पशीच, कारण ही वेदना फार तीव्र असते. बहुतेक अपघात गळानें नव्हे, पायानें होतात. पाकट वाळूखालीं दडलेला असतो आणि पाऊल त्याच्या पाठीवर पडतें. यास्तव उथळ पाण्यांत पाय उचलून टाकूं नये, वाळूवरून घासत न्यावा. चाहूल लागली कीं तो स्वतःच निघून जातो. कांटा लागलाच तर जखम धुवावी आणि तो भाग सोसवेल इतक्या ऊन पाण्यांत तासदीडतास ठेवावा. पाणी चांगल्या पायावर आधीं पाहून घ्यावें, नाहींतर पोळण्याचें दुखणें वर यावयाचें. उष्णतेनें विषाचा जोर ओसरतो. त्यानंतरहि डॉक्टरांकडे जावेंच, कारण कांट्याचा तुकडा आंत राहतो आणि जखम चिघळते. छातींत किंवा पोटांत रुतलेला कांटा घरीं उपटूं नये.

ज्यांना गळ टाकण्यापेक्षां पाहण्याची आवड आहे, त्यांनीं मालवण-वेंगुर्ल्याकडे सकाळीं रापण ओढतांना पाहावी. होडीनें जाळें अर्धवर्तुळांत सोडून येतात आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसांच्या रांगा ओढतात. मिळकतींत ओढणाऱ्यांचा वाटा असतो. बांगडे, तारल्या यांच्या राशींत एखादा पाकटहि येतो. जाळें उलगडेपर्यंत मुलांना चार हात लांब उभें करावें. त्या गर्दींत शेपटी कोणीकडे आहे हें कोळ्यांना कळतें, पाहुण्यांना कळत नाहीं.