टाइम कोणी खाल्ला?

(भंडारा जिल्ह्यातील तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



बैठकीचं सांगायला कोणाच्याही दारात गेलं की एकच उत्तर येतं, "टाइम नाही ना गा!" खोटं नाही ते. आपल्या माणसाजवळ टाइम कधीच नव्हता. तो कोणी खाल्ला एवढंच आज बोलायचं आहे.

या जिल्ह्यानं पिढ्यान् पिढ्या बिडी वळली. पहाटे चूल पेटवायची, तेंदूपान भिजवायचं, पत्र्याच्या मापावर कैचीनं कापायचं, जर्दा भरायचा, दोरा गुंडाळायचा. मजुरी हजारावर. शेजारणीशी बोललं की दहा बिड्या कमी, पोराला जवळ घेतलं की वीस कमी. म्हणून बोलायचं नाही, मान वर करायची नाही. एवढं करून ठेकेदार संध्याकाळी मूठभर बिड्या 'छाट' म्हणून बाजूला सारणार. तिचे पैसे नाहीत, बिडीही परत नाही. १९६६ साली बिडी कामगारांसाठी कायदा झाला, पण तो कायदा कारखान्याच्या फाटकाशी थबकला. ओसरीवर बसलेल्या माझ्या मायच्या सुपापर्यंत तो कधी धड पोचला नाही.

तिला आळशी म्हणेल त्याची जीभ झडेल. पण तिच्या दिवसाला जो हेतू होता तो ठेकेदाराचा होता. राबणं तिचं, मतलब त्याचा.

ही गोष्ट कामठीच्या बाबू हरदासांनी ओळखली. 'जय भीम' हा शब्द ज्यांनी आपल्या तोंडी रुजवला तेच हे हरदास. १९३२ साली त्यांनी बिडी मजुरांचा संघ उभा केला. १९३७ ला मध्य प्रांताच्या विधिमंडळात निवडून गेले आणि १९३९ च्या जानेवारीत क्षयानं संपले. उमर पस्तीस! त्यांनी किती हार घेतले, किती फिती कापल्या, कोणाला ठाऊक नाही. मजुराची मान वर झाली पाहिजे, हे एकच काम त्यांनी धरलं होतं.

बाबासाहेबांनी तर फुरसतीलाच हक्क मानलं. १९४५ च्या पुस्तकात गांधीवादाचा समाचार घेताना त्यांनी मांडलं की माणसाला जनावरापासून वेगळं करते ती संस्कृती, आणि फुरसतीशिवाय संस्कृती नाही. म्हणून यंत्र हवं. दिवसभर हात गुंतवणारा चरखा नको. नुसतं लिहून ते थांबले नाहीत. मजूर खातं हातात असताना कारखान्याचा आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आणणारं विधेयक त्यांनी १९४६ ला मांडलं. ते सहा तास त्यांनी कशासाठी मागितले? डीजेसमोर नाचायला?

राग येऊ द्या, मी बोलणारच. वर्गणी, बॅनर, मिरवणूक, सत्कार, मग सत्कार न झालेल्याची रुसवाफुगवी. आता खिशात मोबाईल, रात्री बारापर्यंत शुभेच्छा. पुढाऱ्याला असाच पोरगा लागतो, सदा धावणारा, कधी न विचारणारा.

खैरलांजी कुठे लांब नाही, आपल्याच मोहाडी तालुक्यात आहे. २९ सप्टेंबर २००६ ला भोतमांगे कुटुंबातली आई, पोरगी आणि दोन पोरं ठार मारली गेली. तिसऱ्या दिवशी, २ ऑक्टोबरला, दसरा होता. धम्मदीक्षेचं पन्नासावं वर्ष. नागपूरला दीक्षाभूमीवर लाखोंची गर्दी. याच रस्त्यांनी गाड्या भरभरून गेल्या, निळे झेंडे लावून. दीक्षाभूमीला जाणं चूक नाही, मीही दरसाल जातो. पण रस्त्यावर खरा उद्रेक झाला तो नोव्हेंबरात. मधला महिना चळवळ झोपली नव्हती, कामात होती! चार प्रेतांची खबर तिच्या कार्यक्रमपत्रिकेत बसली नाही, एवढंच.

तेव्हा नवीन कार्यक्रम मी देत नाही, आहेत त्यातले दोन कमी करा. येत्या रविवारी वह्या घेऊन एकाच गल्लीत जाऊ. कोणत्या बाईजवळ ओळखपत्र आहे, कोणाचा भविष्यनिर्वाह निधी कापला जातो, छाट किती निघते, लिहून घेऊ. सायकलवाल्यांनी सकाळी सातला यावं. उन्हं चढली की बाया पानं कापायला बसतात, मग त्या बोलणार नाहीत.