आकडा सगळ्यांचा, अहवाल ज्याचा त्याचा

थंडी पडली की वसई-विरारच्या किनाऱ्यावर कुरव पक्षी येतात आणि त्यांच्यामागे फोटोवाले. नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला, कळंबच्या वाळूत, हातभर लांबीच्या लेन्स लावलेले ट्रायपॉड उभे राहतात. जवळच सुरूच्या झाडांत लग्न ठरलेल्या जोडप्यांचे फोटो चाललेले असतात. दोन्हीकडच्या मंडळींचा खरा पैसा गुंततो तो लेन्समध्ये. चांगली लेन्स लाखाच्या पुढे जाते. त्यामुळे घेण्याआधी व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर प्रश्न येतोच, "टेस्ट रिपोर्ट आहे का कुणाकडे?" आणि कुणीतरी परदेशी मासिकाची अख्खी पीडीएफ टाकून मोकळा होतो. खाली अंगठ्यांची रांग आणि "थँक्यू दादा".

या पीडीएफमध्ये असतं काय? बारीक रेषांचा तक्ता समोर लावतात, कॅमेरा पक्का बसवतात, प्रत्येक अॅपर्चरला, म्हणजे लेन्सचं तोंड कमी-जास्त उघडून, फोटो घेतात. मधोमध किती बारीक रेषा सुट्या दिसतात, कोपऱ्यात किती, सरळ रेघ वाकते का, कोपरे काळवंडतात का, उजळ कडेला जांभळी झालर येते का, हे सगळं मोजतात. लेन्स बनवणाऱ्या कंपन्याही लेन्सची धार दाखवणारे एमटीएफ नावाचे आलेख देतात, पण ते पुष्कळदा आराखड्यावरून गणितानं काढलेले असतात. प्रत्यक्ष लेन्स हातात घेऊन तपासणारा तिसरा माणूस म्हणूनच महत्त्वाचा. त्याची उपकरणं, त्याचा वेळ आणि त्याची नजर त्या चार पानांत उतरलेली असते.

आता कायदा. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. नुसत्या तथ्यावर तो कुणालाही मालकी देत नाही. एखादी लेन्स एफ ५.६ ला सर्वांत धारदार आहे, ही माहिती तुम्ही गावभर सांगा, कुणी अडवणार नाही. पण ती माहिती ज्या मजकुरात, तक्त्यात आणि आलेखात मांडली आहे, ती मांडणी संरक्षित असू शकते. याच कायद्यात साहित्यकृतीच्या व्याख्येत तक्ते आणि संकलनं येतात, कलाकृतीच्या व्याख्येत आलेख आणि फोटो येतात.

ही रेघ सर्वोच्च न्यायालयानं एका खटल्यात नीट आखून दिली. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक, निकाल डिसेंबर २००७. वाद कायद्याच्या पुस्तकांचा होता. न्यायालय म्हणालं, निकालपत्राचा मूळ मजकूर कुणीही छापावा. पण त्या मजकुराचे परिच्छेद पाडणं, त्यांना क्रमांक देणं, कोणते न्यायमूर्ती सहमत आणि कोणते असहमत हे दाखवणं, यात संपादकानं डोकं आणि कौशल्य वापरलं आहे. ती भर त्याची. लेन्सच्या बाबतीतही आकडा सगळ्यांचा, पण त्यावरचं भाष्य आणि मांडणी करणाऱ्याची.

मग काहीच वापरायचं नाही का? तसंही नाही. कलम ५२ खासगी वापराला, अभ्यासाला, टीकेला आणि परीक्षणाला वाव देतं. स्वतःसाठी प्रत काढा. त्यातलं एखादं वाक्य उद्धृत करून "मला हे पटत नाही" असं लिहा, नाव द्या. मात्र शेकडो लोकांच्या ग्रुपवर अख्खा अहवाल टाकणं हा खासगी वापर आहे, असं म्हणणं अवघड आहे. काही जण दिल्ली विद्यापीठातल्या, पुस्तकांच्या पानांच्या झेरॉक्सवरून झालेल्या खटल्याकडे बोट दाखवतात. २०१६ चा तो निकाल विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठीच्या सवलतीवर उभा होता. लेन्सची खरेदी त्या सवलतीत बसत नाही.

आता हे का जपायचं, ते पाहा. अमेरिकेतलं 'पॉप्युलर फोटोग्राफी' हे १९३७ चं मासिक लेन्सच्या चाचण्यांसाठी नावाजलेलं होतं. २०१७ मध्ये ते बंद पडलं. ते पीडीएफ वाटणाऱ्यांनी बुडवलं असं मी म्हणणार नाही, जाहिरातींचा पैसाच आटला होता. पण जाहिरात आटल्यावर अशा कामाला आधार उरतो तो पैसे देऊन वाचणाऱ्याचाच. आणि आपल्यापैकी कुणाचा कुरवाचा फोटो न विचारता एखाद्या रिसॉर्टच्या फलकावर झळकला, तर तो गप्प बसेल का? मग मापं दोन कशाला?

करायचं ते सोपं आहे. अहवालाचा दुवा द्या. त्यातला कामाचा आकडा आपल्या शब्दांत, मासिकाचं नाव घेऊन सांगा. पूर्ण अहवाल हवा असेल तर दोन ओळींचं पत्र लिहून परवानगी मागा.

आणि शक्य असेल तर स्वतः तपासा. एकाच कारखान्यातून निघालेल्या दोन लेन्सही अगदी सारख्या नसतात, तेव्हा तुमच्या हातातली लेन्स तुम्हालाच पारखावी लागते. वर्तमानपत्रातलं छोट्या जाहिरातींचं पान भिंतीवर ताणून चिकटवा, कॅमेरा बरोबर समोर पक्का बसवा, एकेका अॅपर्चरला फोटो घ्या आणि चारही कोपऱ्यांतली अक्षरं ताडून पाहा. एक कोपरा कायम पुसट आला, तर विक्रेत्याकडे जायला पुरावा हातात राहील. खारा वारा, वाळूचे कण, पावसाळ्यात काचेवर चढणारी बुरशी, यांना कोणती लेन्स टिकली, हे परदेशी प्रयोगशाळेच्या तक्त्यात सापडायचं नाही. ते कळंब-अर्नाळ्याला वर्षानुवर्षं फोटो काढणाऱ्यांना ठाऊक आहे. ते लिहून काढा, खाली नाव घाला. तो अहवाल मग हव्या तितक्या ग्रुपवर जाऊ दे, परवानगी देणारे तुम्हीच असाल.