दोन चिपांची जोडी



वसंत व्याख्यानमालेत साहित्य, इतिहास, अध्यात्म यांवर बोलण्याची वहिवाट आहे. आज मी बोलणार आहे ते नखाएवढ्या दोन चिपांविषयी आणि त्यांना जोडणाऱ्या चार तारांविषयी. विषय रुक्ष वाटेल. परंतु बैलबाजारासाठी नावाजलेल्या गावाला जोडीचे महत्त्व सांगावे लागू नये. खोंड कितीही तगडा असो, जोडीदाराशी पाऊल जुळले नाही तर नांगर सरळ चालत नाही.

यांतली एक चीप म्हणजे डिजिटल सिग्नल प्रोसेसर. आवाज, कंप, विजेची लहर हे सारे आकड्यांत आले की त्यांचा गुणाकार-बेरजेचा रगाडा उपसणे हे तिचे काम. दुसरी मायक्रोकंट्रोलर. बटणे पाहणे, पडद्यावर अक्षरे उमटवणे, बॅटरीची काळजी घेणे हा तिचा प्रपंच. कारभार तिच्या हाती असल्यामुळे या जोडीत तिला यजमान म्हणतात.

एकीनेच दोन्ही कामे का करू नयेत? टेलिफोनवरचा आवाज सेकंदाला ८००० वेळा मोजतात. म्हणजे दर १२५ मायक्रोसेकंदांनी एक आकडा येतो. प्रत्येक आकड्यामागे शंभर गुणाकार धरले, तर सेकंदाला ८ लाख झाले. मोट चालू असताना मोटकऱ्याला दारावरच्या पाहुण्याचे आदरातिथ्य सांगू नये, तसेच हे आहे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीने १९८२ साली या कामासाठी स्वतंत्र चीप पुढे आणली ती याच कारणाने. आज पुष्कळदा दोन्ही कामकरी एकाच चिपेत नांदतात, तरी आतली वाटणी कायम आहे.

मोठ्या प्रमाणावरची वाटणी पाहावयाची तर शेजारच्या पुणे जिल्ह्यात खोडदला जावे. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने तेथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण उभी राहिली आणि २००१ साली राष्ट्राला अर्पण झाली. सुमारे २५ किलोमीटरांत पसरलेल्या या तबकड्यांचे संकेत काचतंतूंतून मध्यवर्ती इमारतीत येतात. ३० तबकड्यांच्या जोड्या ४३५. प्रत्येक जोडीचे संकेत ताडून पाहावे लागतात. हे गणित करणारी यंत्रणा निराळी आणि तबकड्या वळवणारी निराळी. दोघींचा संवाद मात्र चोख हवा.

आता जोडणीकडे वळू. सोप्या रीतीत चार तारा असतात: एक ठेका धरणारी, एक जाणाऱ्या आकड्यांची, एक येणाऱ्या आकड्यांची आणि चौथी 'तुझ्याशीच बोलतो आहे' असे सांगणारी. यांखेरीज दोघांचे ग्राउंड एक असलेच पाहिजे. यजमान ५ व्होल्टचा आणि प्रोसेसर ३.३ व्होल्टचा असेल, तर मध्ये दाब जुळवणारा दुवा घालावा. नाहीतर प्रोसेसर पहिल्याच दिवशी जळण्याची भीती. अनेक प्रोसेसरांपाशी स्वतःची कायमची स्मृती नसते. वीज आली की ते कोरे जागे होतात, आणि यजमान त्यांच्यात आज्ञावली भरतो तेव्हा कुठे कामाला लागतात.

पण तारा जोडल्या म्हणजे संवाद जमला असे नव्हे. समजा, जनावरांच्या काट्यावर एक गोऱ्हा उभा आहे. तो पाय हलवतो, वजन नाचते. प्रोसेसर ती चुळबूळ गाळून खरा आकडा काढतो. (इतके संथ काम एकटा कंट्रोलरही करील, पण दोष समजायला उदाहरण सोपे.) आकडा १६ बिटांचा आणि वाट ८ बिटांची, म्हणून यजमान तो दोन अर्ध्यांत वाचतो. वजन २५५ किलो आहे. यजमानाने खालचा अर्धा वाचला, आणि तेवढ्यात वजन २५६ झाले. त्याने वरचा अर्धा वाचला तो नव्या आकड्याचा. पडद्यावर आले ५११! उलट क्रमाने वाचले असते तर आले असते शून्य. दोन्ही चिपा निर्दोष, तारा शाबूत, आणि हिशेब खोटा.

५११ किलोच्या गोऱ्ह्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. परंतु तोच आकडा माणसाची नजर न पडता थेट वहीत गेला तर? नुकसान चिपेचे होत नाही, काट्यासमोर उभ्या असलेल्या माणसाचे होते. म्हणून शिस्त हवी. प्रोसेसरने दोन कप्पे ठेवावेत; एक यजमान वाचत असता दुसरा भरावा. कप्पा पुरा भरल्यावरच इंटरप्टची खूण द्यावी. संदेशाच्या शेवटी बेरीज धाडावी, ती जुळली नाही तर यजमानाने आकडा टाकून द्यावा. आणि प्रोसेसर ठरल्या वेळेत हुंकार देत नसेल, तर त्याला पुन्हा पहिल्यापासून जागे करावे.

या शिस्तीने यजमानाचीही धावपळ वाचते. जीएसएम मोबाइलच्या मूळ पद्धतीत आवाजाचे १६० आकडे जमले की त्यांचा २६० बिटांचा एक गठ्ठा होतो, दर २० मिलिसेकंदांनी एक. सेकंदाला ८००० हाका येण्याऐवजी ५० येतात.

आपल्यातील जी मुले-मुली पॉलिटेक्निकला जातात, त्यांनी ही जोडणी हाताने करून पाहावी. दोन स्वस्त बोर्डे, चार तारा आणि ग्राउंड जोडणारी आणखी एक तार एवढे पुरते. आणि बाकीच्यांनी यंत्राने दाखवलेला आकडा कोणत्या वाटेने आला, एवढे विचारण्याची सवय लावून घ्यावी. वजनाच्या पावतीवर सही करण्याआधी ते विचारण्याचा आपणास हक्क आहे.