नकारानंतरची मुलाखत

लग्न होऊन मुलगी सासरीं आली म्हणजे उंबरठ्यावर तांदळानें भरलेलें माप ठेवतात. तें तिनें पायानें हलकेंच कलंडवावयाचें आणि उजवें पाऊल घरांत टाकावयाचें, हा महाराष्ट्रांतला जुना रिवाज. पण जिचें सासर अमेरिकेंत आहे तिच्या वाटेंत आणखी एक उंबरठा असतो. तो सासूबाईंच्या घराचा नसून अमेरिकेच्या सरकारचा असतो, आणि मुंबईंत तो वांद्रे-कुर्ला संकुलांतील वकिलातीच्या एका कांचेच्या खिडकीपाशीं येतो. तेथें माप नसतें. एक अधिकारी असतो, त्याच्यापुढें कागदांची चवड असते, आणि थोड्या मिनिटांच्या प्रश्नोत्तरांवर दोन माणसांच्या संसाराचा आरंभ अवलंबून असतो. पुष्कळांना पहिल्याच दिवशीं होकार मिळतो. कांहींच्या हातीं मात्र नकाराची छापील चिठी येते.

अशी चिठी घेऊन घरीं परतलेल्या मुलीची स्थिति मोठी चमत्कारिक होते. नोकरी बहुधा तिनें सोडलेली असते. सामान बांधलेलें असतें. शेजारच्या बायका जिन्यांत भेटल्या कीं ‘केव्हां निघणार?’ म्हणून विचारतात. रात्रीं दूरध्वनीवर नवरा विचारतो, ‘तूं नेमकें काय बोललीस?’ आणि त्या एका प्रश्नांत, त्याच्या मनांत नसला तरी, ठपका असतो. घरांतील वडील मंडळी उपाय सुचवूं लागतात : कोणी ओळखीचा वकील सांगतो, कोणी शंभर प्रश्नोत्तरें पाठ करावयास देतो. या गडबडींत सर्वांत महत्त्वाचें काम मागें पडतें. तें म्हणजे ती चिठी नीट वाचणें.

कारण नकार सगळे एका जातीचे नसतात. चिठीवर कायद्याच्या कलमाचा आंकडा असतो, आणि पुढची सारी तयारी त्या आंकड्यावर ठरते. सर्वांत सामान्य आंकडा २२१ (जी) हा होय. त्याचा अर्थ इतकाच कीं, एखादा कागद कमी आहे किंवा आणखी चौकशी व्हावयाची आहे. हा नकार कायमचा नसतो. मागितलेला पुरावा एक वर्षाच्या आंत सादर केला, तर नवा अर्ज व नवी फी न भरतां त्याच अर्जाचा पुन्हां विचार होतो. वर्ष उलटून गेलें मात्र, तर सारें पुन्हां पहिल्यापासून करावें लागतें. म्हणून या चिठीच्या बाबतींत हातपाय गाळणें जितकें चुकीचें, तितकेंच स्वस्थ बसणेंही चुकीचें.

दुसरें कारण पैशाचें. बायकोला बोलावणाऱ्या नवऱ्यानें तिच्या पोषणाची लेखी हमी द्यावी लागते, आणि त्याचें उत्पन्न सरकारनें ठरविलेल्या दारिद्र्यरेषेच्या सव्वापट तरी असावें लागतें. २०२५ सालीं दोन माणसांच्या कुटुंबासाठीं हा आंकडा वर्षाला २६,४३७ डॉलर होता. उत्पन्न कमी असेल तर तेथें राहणारा दुसरा कोणी नागरिक किंवा कायम रहिवासी सहजामीन होऊं शकतो. येथें मुलीच्या उत्तरांचा दोष नसतो. मुलाखतीची तालीम करून हें कोडें सुटत नाहीं, प्राप्तीकराचे कागद आणून सुटतें.

तिसरें कारण अधिक कठीण. लग्न खरें आहे याविषयीं अधिकाऱ्याची खात्री पटली नाहीं, तर तो नवऱ्याचा मूळ विनंतिअर्ज अमेरिकेंतील स्थलांतर खात्याकडे परत पाठवितो. तें खातें तो अर्ज रद्द करण्याची नोटीस काढूं शकतें, आणि तिला मुदतींत उत्तर द्यावें लागतें. लग्न केवळ कागदोपत्रीं केलेलें होतें असें एकदां ठरलें, तर त्या व्यक्तीसाठीं पुढें केलेला असा कोणताही विनंतिअर्ज मंजूर होऊं शकत नाहीं. चौथें कारण खोट्या माहितीचें. महत्त्वाची गोष्ट जाणूनबुजून खोटी सांगितली असें ठरलें तर दार जन्माचें बंद होतें. मात्र नागरिक असलेल्या जोडीदाराला त्यामुळें असाधारण हाल सोसावे लागतील असें दाखवितां आलें, तर माफीसाठीं वेगळा अर्ज करतां येतो. या दोन प्रकारांत घरगुती सल्ल्यावर न विसंबतां या कायद्याच्या जाणत्या वकिलाकडे जाणेंच शहाणपणाचें. विवाह जुळविणारा मध्यस्थ किंवा तिकिटें काढून देणारा दलाल हा वकील नव्हे.

एक नकार असाही असतो कीं, ज्याची धास्ती विनाकारण बाळगली जाते. मुलीनें पूर्वीं कधीं तरी प्रवासी व्हिसासाठीं अर्ज केलेला असतो आणि तो २१४ (बी) या कलमाखालीं नाकारलेला असतो. त्या कलमाचा आशय असा कीं, हा पाहुणा परत जाईल अशी खात्री वाटत नाहीं. पण बायको म्हणून कायमची राहावयास जाणाऱ्या मुलीला परत येण्याची खात्री द्यावयाचीच नसते. त्यामुळें तो जुना नकार आपोआप आड येत नाहीं. आड येते ती त्याची लपवणूक. नव्या अर्जांत, पूर्वीं कधीं व्हिसा नाकारला होता काय, असा स्पष्ट प्रश्न असतो. ‘नाहीं’ म्हणून लिहिलें, तर ज्या गोष्टीची शिक्षा नव्हती तिच्याऐवजीं जिची आहे ती गोष्ट पदरांत पडते.

परदेशाच्या दारांत नातें तपासण्याची ही रीत आजची नव्हे. सान फ्रान्सिस्कोच्या उपसागरांत एंजल आयलंड नांवाचें बेट आहे. तेथें १९१० पासून १९४० पर्यंत अमेरिकेचें स्थलांतर-ठाणें होतें. चिनी मजुरांना बंदी करणारा कायदा १८८२ पासूनचा. १९०६ च्या भूकंपानंतर लागलेल्या आगींत त्या शहराचें जन्मनोंदीचें दप्तर जळालें, आणि त्याचा फायदा घेऊन कित्येक चिनी तरुण तेथील नागरिकांचे ‘कागदी पुत्र’ बनून येऊं लागले. त्यांना ओळखण्यासाठीं अधिकारी विचारीत : गांवांत घरांच्या ओळी किती, विहीर कोणत्या अंगाला, दाराला पायऱ्या किती? तरुण पढविलेल्या उत्तरांच्या वह्या बोटीवर पाठ करीत आणि किनारा जवळ आला म्हणजे समुद्रांत टाकून देत. यांतील दुर्दैव असें कीं, खऱ्या मुलालाही तेंच पाठांतर करावें लागे. कारण बापानें सांगितलेल्या आणि मुलानें सांगितलेल्या पायऱ्यांचा मेळ बसला नाहीं, तर खऱ्या नात्यावरही संशय येई. ब्रिटननें १९८० च्या सुमारास असा नियम केला कीं, लग्नाचा मुख्य हेतु ब्रिटनमध्यें येणें हा नव्हता, हें अर्जदारानें सिद्ध करावें. हिंदुस्थानांतील कित्येक कुटुंबांची त्यामुळें ताटातूट झाली, आणि अखेर १९९७ सालीं तो नियम रद्द करण्यांत आला. नसलेला हेतु सिद्ध करणें किती अवघड, हें ज्यांनीं भोगलें त्यांनाच ठाऊक.

आज कांचेच्या खिडकीपाशीं पायऱ्यांची संख्या सहसा विचारीत नाहींत. पण पाठांतराचा मोह तोच आहे आणि त्याचा धोकाही तोच. पढविलेलें उत्तर एका दमांत येतें. खरें उत्तर मध्येंच थांबतें, आठवतें, कधीं हंसतें. दिवसभर माणसें ऐकणाऱ्या अधिकाऱ्याच्या कानाला हा फरक कळतो. जें आठवत नाहीं त्याला ‘आठवत नाहीं’ असें म्हणावें. प्रश्न कळला नाहीं तर पुन्हां विचारावा. इंग्रजींत अडखळत असेल तर आपल्या भाषेंत बोलण्याची सोय मागण्यांत कमीपणा नाहीं. चुकीच्या इंग्रजीनें झालेला गैरसमज निस्तरण्यापेक्षां नीट मराठी पुष्कळ बरें. उजवा हात वर करून खरें बोलण्याची शपथ मुलाखतीपूर्वीं घेतली जाते. ती मनापासून घेतली म्हणजे अर्धी तयारी झालीच.

उरलेली अर्धी तयारी कागदांची, आणि तेथें मराठी घरांची एक खास अडचण आहे. सासरीं लक्ष्मीपूजनाच्या वेळीं तांदळाच्या ताटांत अंगठीनें मुलीचें नवें नांव लिहितात. वडिलांच्या जागीं नवऱ्याचें नांव येतें, आडनांव बदलतें आणि कित्येक घरांत मुलीचें स्वतःचें नांवही बदलतें. घरांत तो कौतुकाचा प्रसंग असतो. अधिकाऱ्यापुढें मात्र शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक स्त्री, विवाहाच्या प्रमाणपत्रावर दुसरी आणि पासपोर्टवर तिसरी उभी राहते. यांना जोडणारा दुवा, मग तो राजपत्रांतील नामांतराची जाहिरात असो वा प्रतिज्ञापत्र असो, कागदाच्या रूपानेंच हवा. तोंडीं सांगणें पुरत नाहीं. जन्माची नोंद महानगरपालिकेच्या दप्तरीं नसेल, तर नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला काढून त्याला शाळेच्या दाखल्याची आणि वडील माणसांच्या प्रतिज्ञापत्रांची जोड द्यावी. पोलिस-दाखला आणि वैद्यकीय तपासणी यांच्याही मुदती असतात. पहिल्या मुलाखतीच्या वेळचे कागद दुसऱ्या वेळीं चालतील असें गृहीत धरूं नये.

दुसरी अडचण दोन तारखांची. मुलाची रजा थोडी असते, म्हणून पुष्कळ ठिकाणीं आधीं नोंदणी पद्धतीनें लग्न उरकतात, अर्ज धाडतात, आणि सहा महिन्यांनीं मांडव घालून विधिपूर्वक लग्न लावतात. अधिकारी विचारतो, ‘लग्न केव्हां झालें?’ मुलगी मांडवाची तारीख सांगते. अर्जांत नोंदणीची असते. खोटें कोणीच बोललेलें नसतें, तरी कागद आणि तोंड यांची फारकत होते. याला उपाय सोपा आहे. दोन्ही तारखा सांगाव्या आणि त्या दोन कां आहेत हेंही एका वाक्यांत सांगावें. पहिल्या नकाराच्या मुळाशीं अशीच एखादी विसंगति असेल तर ती झांकण्याचा यत्न न करतां आपण होऊन पुढें मांडावी. जुनीं उत्तरें त्यांच्या दप्तरांत लिहिलेलीं असतात. त्यांचा विसर पडला असेल तर तो मुलीलाच, त्यांना नव्हे. म्हणून पहिल्या मुलाखतींत काय विचारलें आणि काय सांगितलें, तें आठवेल तितकें त्याच आठवड्यांत लिहून काढावें.

नात्याचा पुरावा म्हणून लग्नाच्या छायाचित्रांचे जाड संग्रह नेतात. पण मांडवांतील एकच दिवस दोनशें चित्रांत दाखविण्यापेक्षां नंतरचे दिवस दाखविणारे थोडे कागद अधिक बोलके असतात : नवरा भेटीस आल्याचीं तिकिटें, पासपोर्टवरील शिक्के, पाठविलेले पैसे, विम्यावर किंवा बँकेंत घातलेलें बायकोचें नांव, आजारपणांत केलेली चौकशी. नकारानंतरचे महिने हे येथें वाया गेलेले महिने नसतात. त्या काळांत दोघें कशीं वागलीं हाच दुसऱ्या मुलाखतींतील सर्वांत सबळ पुरावा होऊं शकतो. जो नवरा नकारानंतर रजा काढून येऊन भेटून जातो, त्याच्या एका तिकिटाची बरोबरी शंभर प्रश्नोत्तरांनीं होत नाहीं.

या तयारीचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो मुलीच्या आईबापांनीं विशेष ध्यानांत घ्यावा. अधिकारी विचारतो : नवरा काय काम करतो, कोणाबरोबर राहतो, त्याचें पूर्वीं लग्न झालें होतें काय, तें केव्हां व कां मोडलें? या प्रश्नांचीं उत्तरें मुलीला ठाऊक नसतील, तर ती उणीव केवळ मुलाखतीची नव्हे. घटस्फोटाचा हुकूम तिनें कधीं पाहिलाच नसेल, तर तो तिनें व्हिसासाठीं नव्हे, स्वतःसाठीं मागावा. परक्या सरकारचा अधिकारी जें विचारण्यास संकोच करीत नाहीं, तें विचारण्यास स्थळ पाहणाऱ्यांनीं कां लाजावें? कायद्याचीही तिला ओळख हवी. लग्नाला दोन वर्षें होण्यापूर्वीं ती अमेरिकेंत गेली, तर १९८६ च्या कायद्यानुसार तिला पहिलीं दोन वर्षें सशर्त वास्तव्य मिळतें, आणि ती अट उठविण्यासाठीं सामान्यतः दोघांनीं मिळून अर्ज करावयाचा असतो. परंतु नवऱ्यानें छळ केला, किंवा खऱ्या भावनेनें केलेलें लग्न मोडलें, तर तिला एकटीला अर्ज करण्याची मुभा कायद्यांत आहे. म्हणून सर्व कागदांच्या प्रती तिच्या स्वतःच्या हातीं असाव्या.

एवढें सारें करूनही दुसऱ्यांदां नकार येणारच नाहीं असें कोणालाही सांगतां येणार नाहीं. कॉन्सलच्या निर्णयावर अमेरिकन न्यायालयें सहसा फेरविचार करीत नाहींत. सँड्रा मुन्योझ या अमेरिकन नागरिक स्त्रीच्या एल साल्वादोरच्या पतीला २०१५ सालीं व्हिसा नाकारण्यांत आला. तो एका गुन्हेगार टोळीचा असावा असा संशय होता, आणि तो त्या दोघांनीं सतत नाकारला. २१ जून २०२४ रोजीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला कीं, परदेशी जोडीदाराला देशांत आणणें हा नागरिकाचा मूलभूत घटनात्मक हक्क नव्हे. नऊ वर्षें झगडलेल्या त्या जोडप्याच्या कहाणीवरून एक गोष्ट दिसते. या उंबरठ्यावर अपिलाचा आधार फार थोडा आहे; म्हणून जें कांहीं मांडावयाचें तें खिडकीपाशींच, पूर्ण आणि खरें मांडलें पाहिजे.

आणि मुलाखतीच्या आदल्या रात्रीं काय करावें? कागद अनुक्रमानें लावून ठेवावे, मुलीला शांतपणें जेवूं घालावें, आणि तिची परीक्षा घेण्याचें घरांतील सर्वांनीं थांबवावें. नवऱ्यानें दूरध्वनीवर ‘उद्यां काय सांगशील?’ असें विचारूं नये. पहिल्या वेळीं काय झालें याचा ठपका तिच्यावर नाहीं, एवढें त्यानें स्पष्ट शब्दांत सांगावें. तेवढें ऐकून जी मुलगी झोंपीं गेली, तिला सकाळीं खिडकीपाशीं आपलें लग्न खरें आहे हें सांगतांना शब्द शोधावे लागत नाहींत.