खुराक : तालमीतला आणि डब्यातला

(युवक व पालकांच्या मेळाव्यात झालेले भाषण)



तालमीच्या परिभाषेत 'खुराक' या शब्दाला मोठा मान आहे. कोल्हापूरच्या गंगावेस, मोतीबाग यांसारख्या तालमींत मल्ल पहाटे उठतो, जोर-बैठका काढतो, लाल मातीत घाम गाळतो आणि मगच दूध, तूप, बदामाची थंडाई घेतो. आधी मेहनत, मग खुराक, मग विश्रांती, हा वस्तादांनी घालून दिलेला क्रम. आज तो उलटा झाला आहे. अठरा वर्षांचा मुलगा आरशात पाहून स्वतःला किडकिडीत ठरवतो आणि व्यायामाला आरंभ करण्यापूर्वीच पावडरीचा डबा घरी आणतो. त्यासाठी दोन-तीन हजार रुपये मोजणाऱ्या वडिलांना आत काय आहे, हे ठाऊक नसते.

आत असते काय? चीज तयार करताना दुधाचे जे पाणी उरते, त्यातील प्रथिनांची ही भुकटी. ती विष नव्हे, तसे अमृतही नव्हे. एका मापात साधारण २० ते २५ ग्रॅम प्रथिने मिळतात, एवढेच.

आता घरच्या स्वयंपाकघराचा हिशेब मांडू. निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरेशी मानली जातात. वजने उचलून स्नायू कमावणाऱ्याला सुमारे १.६ ग्रॅम. म्हणजे ६० किलोच्या तरुणाला ९६ ग्रॅम. अर्धा लिटर दुधातून १६, मूठभर म्हणजे ५० ग्रॅम शेंगदाण्यांतून १२, तितक्याच फुटाण्यांतून १०, दिवसभरातील १०० ग्रॅम डाळीतून २२ आणि ३०० ग्रॅम पिठाच्या भाकरी-पोळीतून ३० ग्रॅम. बेरीज ९०. उरलेले वाटीभर दही आणि थोडी मोडाची मटकी भरून काढतात. अंडी खाणाऱ्याचे काम तर दोन अंड्यांत होते. वजन वाढावे म्हणून रोजच्यापेक्षा ३०० ते ५०० उष्मांक अधिक हवेत. दोन केळी आणि चमचाभर तूप त्याला पुरते. आठवड्याला पाव ते अर्धा किलो वाढ उत्तम. त्याहून वेगाने वाढते ती बहुधा चरबी.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत स्नायूंसाठी अशा पावडरी टाळण्याचाच सल्ला आहे. त्याच वर्षी भारतीय बाजारातील ३६ पावडरींची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांतील सुमारे ७० टक्के डब्यांवरील प्रथिनांचा आकडा खरा नव्हता!

पण खरा धोका डब्याच्या पुढचा आहे. तीन महिन्यांत दंड फुगले नाहीत की कोणीतरी कानात सांगते, "एक इंजेक्शन घे." हे स्टेरॉइड. त्याने दंड फुगतात, परंतु हृदय, यकृत आणि प्रजननक्षमता यांची किंमत मोजावी लागते. मुलगा एकाएकी भरू लागला, चेहऱ्यावर पुटकुळ्या आल्या, स्वभाव चिडखोर झाला, तर पालकांनी रागावण्याआधी त्याला जवळ बसवून विचारावे आणि डॉक्टरांकडे न्यावे.

खाशाबा जाधव ५७ किलो वजनगटातले मल्ल होते. १९५२ साली हेलसिंकीत स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक त्यांनीच मिळवून दिले. बलोपासनेला वजनकाटा लागत नाही. लागते ती रोजची मेहनत, घरचे अन्न, आठ तासांची झोप आणि धीर. मुलांना डबा देण्याआधी हा धीर द्यावा, एवढीच विनंती.