चवीची वही



वसंतातल्या व्याख्यानांत आंब्यावर बोलावे, मोगऱ्यावर बोलावे, फार तर पन्ह्यावर बोलावे. आम्ही बिअरवर बोलणार, हे कार्यक्रमपत्रिकेत वाचून काहींनी भुवया उंचावल्या असतील, तर काही जण नेहमीपेक्षा लवकर येऊन पुढच्या खुर्च्यांवर बसले असतील. दोघांचीही थोडी निराशा होणार आहे. पिण्याची शिफारस करायला आम्ही उभे नाही. जे पीत नाहीत त्यांनी आमचे ऐकून सुरुवात तर मुळीच करू नये. आमचा खरा विषय आहे वही. जो पितो त्याने आपण काय प्यालो ते लिहून ठेवावे, एवढेच आमचे सांगणे.

वहीची सवय आम्हांला संघटनेने लावली. आमची शाळा आठवीत सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत झाले. तिथे एका वृद्ध कार्यकर्त्याने पहिला धडा दिला तो असा : 'साहेब फार त्रास देतो' ही तक्रार नव्हे, ते रडगाणे. कोणत्या तारखेला, कोणत्या पाळीत, कोणत्या मशीनवर काय घडले, हे लिहिले म्हणजे ती तक्रार. रडगाण्याला व्यवस्थापन उत्तर देत नाही. तारखेला द्यावे लागते.

पुण्यात २००९ साली 'डूलॅली' सुरू झाली आणि जागच्या जागी बिअर तयार करून विकण्याची पद्धत आपल्याकडे लोकांना कळली. पुढे अशाच एका ठिकाणी संघटनेतल्या एका तरुण मित्राने आम्हांला नेले. बिअर गव्हाची होती. पहिल्याच घोटाला लवंगेचा वास आला आणि त्यामागून पिकल्या केळ्याचा. आम्हांला वाटले, मसाला घातला आहे. तिथल्या कारागिराने सांगितले, यात ना लवंग ना केळे. ही त्या जातीच्या यीस्टची करणी. त्या रात्री युनियनच्या जुन्या डायरीत आम्ही चार ओळी लिहिल्या आणि वही सुरू झाली.

काय लिहावे? तारीख, ठिकाण, बाटलीची की नळाची, मद्यार्क किती टक्के, आणि पेला किती गार होता. मग रंग, फेस, वास, चव, आणि घोट गिळल्यावर जिभेवर काय मागे राहते ते. बर्फासारखी गार बिअर जीभ बधिर करते. म्हणून दहा मिनिटे थांबून पुन्हा चाखावी आणि पुन्हा लिहावे. शब्दांसाठी अडू नये. कडसर, तुरट, आंबूस, खमंग, खरपूस, करपट, कुबट ही सारी संपत्ती आपल्या आयांनी स्वयंपाकघरात जमवून ठेवलेली आहे. काळ्या स्टाउटमध्ये भाजलेल्या जवाची चव असते. आम्ही लिहिले, 'तव्यावर जास्त वेळ राहिलेल्या भाकरीचा पापुद्रा'. आम्हांला ते पुरते.

लिहिल्याने कारणे कळू लागतात. एकाच नावाची बिअर कधी चांगली, कधी उग्र वासाची का लागते, हे आम्हांला उमगत नव्हते. वही चाळली, तेव्हा दिसले की बिघडलेल्या बाटल्या हिरव्या काचेच्या होत्या आणि दुकानाच्या उन्हाच्या बाजूला मांडलेल्या होत्या. हॉप्समुळे बिअरला कडवटपणा येतो; त्यातल्या कडू द्रव्यांवर ऊन पडले की हा दुर्गंध तयार होतो. तपकिरी काच उजेड पुष्कळ अडवते, हिरवी तितका अडवत नाही.

लिहिल्याने गर्वही उतरतो. आम्ही सात मित्र दोन नावांवरून नेहमी भांडत असू. एकदा प्रत्येकापुढे तीन पेले ठेवले. दोनांत एक बिअर, तिसऱ्यात दुसरी. निराळा पेला ओळखायचा. डोळे मिटून बोट ठेवले तरी तिघांत एकाचे बरोबर यावे. आमच्या सातांत दोघांचे बरोबर आले! म्हणजे इतकी वर्षे भांडत होती ती जाहिरात, जीभ नव्हे.

अर्थात एका बैठकीवरून सिद्धान्त काढू नये. डब्लिनच्या गिनेस कारखान्यात १८९९ साली नोकरीला लागलेल्या विल्यम गॉसेटने हेच गणित मांडले : हाती थोडे नमुने असताना निष्कर्षावर भरवसा किती ठेवावा? तो निबंध १९०८ साली 'स्टुडंट' या टोपणनावाने छापला गेला, कारण कारखान्याच्या शिस्तीत त्याला स्वतःचे नाव घालता येत नव्हते. बुद्धी नोकराची आणि नाव झाकलेले, याचे आम्हांला काही नवल वाटले नाही.

आता जे सांगायला आम्ही खरे म्हणजे आलो ते सांगतो. २०१६ साली आमच्या संघटनेचा एक कारखाना बंद पडला. ज्यांना आम्ही 'काम जाणार नाही' म्हणून शब्द दिला होता, त्यांच्या तोंडाकडे पाहवेना. संध्याकाळी बाटली उघडू लागलो. घरात म्हणत असू, "अगं, बिअर आहे, दारू नव्हे." वही मात्र चालू होती. एके दिवशी आमच्या सौभाग्यवतींनी ती वाचली. भिशीचा हिशोब त्याच ठेवतात. काही बोलल्या नाहीत. महिन्याच्या शेवटी लाल पेनाने आकडा लिहिला : २३.

आम्ही हिशोब केला. साडेसहाशे मिलिलिटरची बाटली, आठ टक्क्यांची स्ट्राँग. म्हणजे बावन्न मिलिलिटर मद्यार्क. व्हिस्कीच्या तीस मिलिलिटरच्या पेगात सुमारे तेरा. म्हणजे एक बाटली चार पेगांची. तेवीस बाटल्या म्हणजे ब्याण्णव पेग! आणि त्याहून वाईट गोष्ट मागे पाने उलटताना दिसली. पहिल्या वर्षी एका पेल्याला दहा ओळी होत्या. या महिन्यात नुसते 'ठीक', आणि त्याखाली 'सदर', 'सदर'. नोंदी वाढल्या होत्या आणि शब्द आटले होते. आम्ही चव घेत नव्हतो, तोंड लपवत होतो. पुरावा आमच्याच अक्षरातला, नाकारणार कसा?

तेव्हापासून नियम केला : ज्या पेल्याविषयी लिहायला काही नाही, तो भरायचा नाही. आता वहीत महिन्याला दोन नोंदी असतात, पण पानभर असतात. आणि बंद कारखान्यातल्या माणसांच्या घरी आम्ही पुन्हा जाऊ लागलो.

मात्र ज्याला एका पेल्यावर थांबताच येत नाही, त्याला वही पुरणार नाही. त्याला नियम सांगत बसू नये. सोबत करून डॉक्टरकडे किंवा अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बैठकीला न्यावे. बाकीच्यांना आमची एवढीच विनंती : दोन रेघा मारलेली साधी वही घ्या, आणि तिच्याशी खोटे बोलू नका. मालकाकडून हिशोब मागणाऱ्याने स्वतःचाही द्यावा.