परवाना आपल्या नावाचा
(उणकल येथे भरलेल्या कुळावी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



मला नेमून दिलेल्या विषयाकडे वळतो. ‘परक्या शहरात व्यापाराचा परवाना’ हा विषय अशा मंगल प्रसंगी रुक्ष वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या कुळाव्यांच्या देणग्यांवर देवापुढील समई तेवते, त्यांच्या दुकानाचा पाया कायद्याच्या दृष्टीने पक्का आहे की नाही, हा प्रश्न देवस्थानलाही परका मानता येणार नाही.

आपण ज्या उणकलमध्ये जमलो आहोत, तेथील चंद्रमौळेश्वराचे देवालय चालुक्यकालीन आहे. त्या काळी या भागात अय्यावोळेच्या पाचशे स्वामींचा व्यापारी संघ नांदत होता. दूरदेशी संचार करणाऱ्या या व्यापाऱ्यांनी देवालयांना दिलेल्या दानांचे शिलालेख दक्षिणेत ठिकठिकाणी आढळतात. संघाचे नाव हीच त्या व्यापाऱ्याची ओळख असे. पुढे सावनूरच्या नबाबाच्या अमदानीत बसप्पा शेट्टर या व्यापाऱ्याने दुर्गदबैलाच्या परिसरात नवी हुबळी वसवली. तात्पर्य, हे शहर व्यापाऱ्यांनीच घडविले आहे, आणि बाहेरून आलेला व्यापारी त्याला नवा नाही.

आपल्या गोमंतकीय पूर्वजांना मात्र ही हुबळी खरोखरीच परराज्यातील होती. १८८८ मध्ये मुरगावहून कॅसलरॉकपर्यंतचा लोहमार्ग सुरू झाला आणि घाटावर येणे सुलभ झाले. तरी पोर्तुगीज राज्याची हद्द ओलांडताना जकातीची चौकी लागतच असे. १९५५ मध्ये या सरहद्दीवरून होणारी रेल्वे वाहतूकही थांबली. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि १९६२ च्या नागरिकत्व आदेशान्वये गोमंतकीय भारताचे नागरिक झाले. दरम्यान १९५६ मध्ये धारवाड जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला होता. म्हणजे ज्या पिढीने गोव्याहून येथे येऊन पेढी थाटली, तिच्या हयातीत दोन्ही बाजूंचे सरकार बदलले. अशा अस्थिर काळात पुष्कळांनी एक सोयीचा मार्ग पत्करला. दुकान आपण चालवावयाचे, परंतु परवाना एखाद्या स्थानिक स्नेह्याच्या नावाचा असावयाचा. त्या वेळी त्याला कारण होते. आज ते कारण उरलेले नाही, परंतु सवय उरली आहे. आजच्या माझ्या बोलण्याचा रोख या सवयीवर आहे.

परवाना नाकारणे हे केवढे मोठे शस्त्र आहे, ते दक्षिण आफ्रिकेतील आपल्या बांधवांनी अनुभवले. नाताळ वसाहतीत १८९७ मध्ये व्यापारी परवान्यांचा कायदा झाला. परवाना देणारा अधिकारी नगरपालिकेने नेमावयाचा, त्याने नकार दिल्यास दाद त्याच नगरपालिकेकडे मागावयाची, आणि निर्णयाच्या गुणदोषांत न्यायालयाने पडावयाचे नाही, अशी ती व्यवस्था होती. जमाखर्चाच्या वह्या इंग्रजीत हव्यात ही अटही त्यात होती. कायद्यात हिंदी मनुष्याचा उल्लेख नव्हता, परंतु नगरपालिकेत बसणारे गोरे व्यापारी हिंदी दुकानदारांचे प्रतिस्पर्धीच होते. १८९८ मध्ये डर्बन येथील सोमनाथ महाराज यांच्या अपिलात, या प्रकारच्या व्यापाराची शहरात पुरेशी सोय आहे, असे कारण दाखवून परवाना नाकारण्यात आला. गांधीजींनी या कायद्याविरुद्ध अर्जामागून अर्ज केले. न्यायालयाकडे जाण्याची वाट १९०९ मध्ये उघडली, तीही नूतनीकरणापुरतीच. १९१२ मध्ये नामदार गोखले तेथे गेले, तेव्हाही परवान्याचे गाऱ्हाणे पुरते मिटले नव्हते.

दुसरे उदाहरण आपल्याच मुलाबाळांचे आहे. आखाती देशांत आपले कित्येक तरुण व्यवसाय करतात. संयुक्त अरब अमिरातीत मुक्त व्यापारक्षेत्रे सोडली, तर कंपनीचे ५१ टक्के भाग तेथील नागरिकाच्या नावे असावेत असा नियम दीर्घकाळ होता. कष्ट आपले आणि मोठा वाटा कागदोपत्री दुसऱ्याचा, हे निमूटपणे सोसावे लागे. १ जून २०२१ पासून बहुतेक व्यवसायांतून ही अट निघाली.

आता या दोन्हींशी आपली स्थिती ताडून पाहा. १९५० पासून आपल्या राज्यघटनेच्या १९ व्या अनुच्छेदाने प्रत्येक नागरिकाला देशात कोठेही वास्तव्य करण्याचे व कोणताही व्यवसाय करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. ३०१ व्या अनुच्छेदाने देशभर व्यापार मुक्त ठेवला आहे. सरकारला वाजवी निर्बंध घालता येतात, परंतु आपण अमक्या गावचे म्हणून परवाना मिळणार नाही, असे कोणी म्हणू शकत नाही. जे डर्बनमध्ये नाकारले गेले आणि दुबईत विलंबाने मिळाले, ते येथे आपल्या हाती आहे. असे असता आपला तरुण आपण होऊन दुसऱ्याच्या नावामागे का दडतो?

याचे उत्तर बहुधा दोन शब्दांत मिळते. ते म्हणजे कन्नडची भीती आणि कचेरीचा कंटाळा. परंतु काम वाटते तितके अवघड नाही. प्रथम जागा पाहावी. त्या जागेत तो व्यवसाय करण्यास नगररचनेच्या नियमांची आडकाठी नाही ना, याची भाडे ठरविण्यापूर्वीच चौकशी करावी. भाडेपट्टा लेखी असावा आणि घरमालकाची संमती व त्याने कर भरल्याची पावती मागून घ्यावी. त्यानंतर महानगरपालिकेकडे परवान्यासाठी अर्ज करावा. दुकान सुरू झाल्यापासून ३० दिवसांच्या आत १९६१ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली कामगार खात्याकडे नोंदणी करावी. खाणावळ, मिठाई वा किराणा यांसाठी २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणी किंवा परवाना वेगळा लागतो, आणि उलाढाल ठराविक मर्यादेपलीकडे गेली की वस्तू व सेवा कराची नोंदणीही करावी लागते. परवान्याची मुदत कधी संपते ती तारीख दुकानातील दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी, कारण नूतनीकरण विसरल्यामुळे होणारा दंड हा निव्वळ आळसाचा दंड असतो.

अर्ज अडून राहिला तर मध्यस्थ गाठण्याची गरज नाही. कर्नाटकात २०११ चा ‘सकाल’ कायदा आहे. त्याखालील सेवा ठरलेल्या मुदतीत मिळाली नाही, तर नागरिकाला वरिष्ठांकडे अपील करता येते. त्यासाठी पोचपावती व तिच्यावरील क्रमांक जपून ठेवावा. अपिलाची ही वाट येथे साध्या अर्जदारालाही खुली आहे.

पाटीविषयी थोडे स्पष्ट बोलतो. २०२४ च्या दुरुस्तीनुसार दुकानाच्या पाटीचा ६० टक्के भाग कन्नडमध्ये असणे आवश्यक आहे. काहींना यात जुलूम दिसतो. नाताळात वह्या इंग्रजीत मागितल्या गेल्या त्या हिंदी व्यापाऱ्याला अडविण्यासाठी. येथे पाटी वाचणारा उणकलचा गिऱ्हाईक कन्नड बोलतो. ज्याच्या पैशावर आपली चूल पेटते, त्याच्या लिपीत आपले नाव लिहिण्यात कमीपणा कसला? घरात मराठी-कोंकणी नांदावी, देवळात आरती आपल्या भाषेत व्हावी, आणि दुकानात कन्नड सफाईने बोलावी. तीन-चार पिढ्यांपूर्वी आलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांनी हेच केले, म्हणून बाजारात त्यांचा शब्द चालला.

दुसऱ्याच्या परवान्यावर चाललेल्या धंद्याचा शेवट मी एकाहून अधिक घरांत पाहिला आहे. जोवर स्नेही हयात असतो तोवर सारे सुरळीत असते. तो गेला की त्याचे वारस दारात उभे राहतात आणि २०-२५ वर्षांच्या कष्टांचा पुरावा विचारतात. कर्ज त्याच्या नावावर, पाटी त्याच्या नावाची, पावत्या त्याच्या. मग दाद कोणाकडे मागावयाची? वारसांना दोष देऊन काय उपयोग? कागद जे बोलतो तेच ते बोलतात. रस्ता रुंद होतो, इमारत पडते, बँकेकडे जाण्याची वेळ येते, तेव्हाही ज्याचे नाव कागदावर त्याचीच बाजू प्रथम ऐकली जाते.

म्हणून महाजनांपुढे एक नम्र सूचना मांडतो. पूर्वी परगावी गेलेल्या तरुणाला आपला समाज चार दिवस उतरण्यास जागा आणि पहिल्या मालासाठी उधारी देत असे. आजच्या तरुणाला त्याबरोबरच दुसरी मदत हवी आहे. प्रत्येक शहरातील कुळाव्यांपैकी कन्नड लिहिता-वाचता येणाऱ्या दोघा-तिघांनी महिन्यातून एक दिवस नव्या व्यावसायिकांचे अर्ज तपासून द्यावेत, आणि गरजू तरुणाला जागेच्या अनामत रकमेसाठी देवस्थानच्या घटनेत बसेल अशा रीतीने बिनव्याजी साहाय्य मिळावे. त्याला अट एकच असावी, ती ही की परवाना त्याच्या स्वतःच्या नावे असला पाहिजे. पत्नी धंद्यात बरोबरीने राबत असेल, तर तिचेही नाव कागदावर यावे. आपल्या पुष्कळशा खाणावळी घरातील स्त्रियांच्या हातांनी उभ्या राहिल्या, परंतु कागदांवर त्यांची नावे क्वचितच आढळतात.

परवाना म्हणजे शहराने आपल्याला दिलेली ओळख आहे, तसेच शहराला आपण दिलेले वचनही आहे. स्वच्छतेचे, चोख मापाचे आणि वेळेवर भरलेल्या कराचे ते वचन दुसऱ्याच्या नावाने देता येत नाही. आपल्या तरुणांनी ते स्वतःच्या नावाने द्यावे आणि पाळावे, त्यासाठी श्रींनी त्यांना बुद्धी व बळ द्यावे, अशी प्रार्थना करतो.